चतुर्दशीचा जास्तीचा पिंड

आमचे हे फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत गेले. हत्यारानं मेलेल्याचं श्राद्ध पितृपक्षात चतुर्दशीला करतात. दरवर्षी मी भात शिजवते, पिंड वळते आणि मुलगा इथे उत्तरेत, नदीच्या मुन्शी घाटावर बसून ते देतो.

त्याच्याआधी पासष्टची लढाई करून हे घरी आले होते. जेवता जेवता म्हणाले, "तिकडचा एक पोरगा मेलेला पाहिला. गळ्यात तावीज. आईनंच बांधला असणार." ताट सारून उठले. मग कुणी लढाईच्या गोष्टी सांगा म्हटलं, की तिथून निघून जायचे.

कारगिलच्या वर्षी मोहल्ल्यात ढोल वाजले. मला स्टेजवर बसवायला माणसं आली. "अम्मा, आप वीर की पत्नी हैं, शाल ओढ़ाएँगे."

म्हटलं, "इकहत्तर में भी ओढ़ाई थी. ठंड नहीं गई."

गेले नाही.

त्या चतुर्दशीला एक पिंड जास्तीचा वळला. घाटावर गुरुजींच्या लगेच ध्यानात आलं. "काकू, हा कुणाचा?"

"त्या तावीजवाल्या पोराचा."

मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "आई, लोक ऐकतायत. आत्ताच आपली एवढी पोरं गेली, आणि तू..."

"म्हणूनच."

गुरुजी म्हणाले, "अहो, तो परधर्माचा. त्याला काय पिंडाचं? आणि ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड देतोच की आपण."

"त्याचं कुणी नाही कसं? आई आहे ना त्याला. वेगळाच द्या."

"मग मी उठतो," म्हणत त्यांनी दर्भ गोळा केले.

श्राद्ध अर्धं राहिलं तर ह्यांनाच उपास. तरी पिंडांची पत्रावळ ओढून मांडीवर घेतली. "उठा. जेवतील तर दोघं जेवतील, नाहीतर कुणीच नाही."

गुरुजी उभे राहिले, नदीकडे बघितलं, परत बसले. "भारी हट्टी बाई! बरं, नाव? गोत्र?"

"ठाऊक नाही. कुणाचा तरी मुलगा, एवढंच म्हणा."

मुलानं आजूबाजूला पाहिलं, पण पाणी त्यानंच सोडलं.

गल्लीतल्या बायका मला बरेच दिवस 'दुश्मन की अम्मा' म्हणत होत्या. म्हणेनात का. चतुर्दशीला तांदूळ मी मूठभर जास्तच धुते.