बांधण्याआधी वाचलेली पुस्तकं

ऑफिसात कुणी निवृत्त झालं की त्याला पुस्तक कोणतं द्यायचं, हे रेकॉर्डवाल्या ताई ठरवायच्या. बावीस वर्षांपूर्वी कुणीच हात वर करेना म्हणून त्यांनी केला, आणि मग तो खाली घ्यायचा राहूनच गेला.

त्या नेहमी दुसऱ्या देशातली, अनुवादित कादंबरीच निवडत. लोक कुरकुरत, की निवृत्त माणसाला गुडघेदुखीवरचं काहीतरी द्यावं. ताई ऐकून घेत आणि आपलंच खरं करत. कारण पुस्तक कागदात बांधायच्या आधी त्या ते स्वतः वाचून काढत. दोन बोटं मावतील एवढंच उघडायचं, म्हणजे पाठीवर वळी पडत नाही. हात कोरडे हवेत, आणि चहाचा कप लांब. अशी साठेक पुस्तकं त्यांनी वाचली होती आणि त्यातलं एकही घरात नव्हतं.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत पलंगावर वडील. नऊ वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. दिवसभर शेजारच्या काकू येऊन बसत आणि पाचाच्या ठोक्याला उठत. सव्वापाचला ताई दारात दिसल्या नाहीत की वडील डाव्या हाताने चमचा भिंतीवर आपटायला लागत. दादा लांबच्या शहरात. रविवारी न चुकता फोन, आणि न चुकता तेच वाक्य, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. दादा ते कौतुकाने म्हणायचा. ताईंना मात्र दर वेळी बाहेरून कडी घातल्यासारखं वाटायचं.

त्या आठवड्यात साहेबांनी एक फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवला. समुद्राकाठच्या गावी नवी शाखा निघत होती, तिथलं सगळं रेकॉर्ड त्यांच्या हाताखाली येणार होतं. होय की नाही, सोमवारपर्यंत कळवायचं. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू जा खुशाल. मी या घरातून आता आडवाच बाहेर पडणार." दादाने फोनवर बराच वेळ घसा साफ केला आणि तुझं तू ठरव, फक्त बाबांचं काय ते बघ, असं सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात कॅशियरबाई निवृत्त होत होत्या. त्यांच्यासाठी आणलेली कादंबरी कुठल्याशा थंडगार बेटावरची होती. तिथल्या टपाल कचेरीत काम करणारी एक बाई बहिऱ्या मावशीला सांभाळून असते. बोट आठवड्यातून एकदाच लागते. बुधवारी ताई दोनशे दहाव्या पानावर आल्या तेव्हा ती बाई बॅग घेऊन धक्क्यावर उभी होती, आणि मावशी खिडकीत. ती चढते की नाही हे कळल्याशिवाय फॉर्मला हात लावायचा नाही, असं ताईंनी मनाशी ठरवून टाकलं. पोरकट होतं, पण दुसरं विचारणार तरी कुणाला?

गुरुवारी अकराला साहेब म्हणाले, शनिवारचा निरोप आजच उरकू, मला बाहेरगावी जायचंय. तीस पानं राहिलेली. ताईंनी आपल्या हातांनी रंगीत कागद लावला, फीत बांधली आणि टाळ्यांच्या गजरात पुस्तक देऊन टाकलं. तोंडातला घास काढून दिल्यासारखं झालं. संध्याकाळी दुकानदार म्हणाला, तेवढी एकच प्रत होती, दुसरी यायला महिना लागेल.

रविवारी दुपारी काकूंना तासभर बसवून ताई कॅशियरबाईंकडे गेल्या. पुस्तक शोकेसमध्ये, चिनीमातीच्या कुत्र्याशेजारी, फितीसकट बसलेलं. ताईंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. कॅशियरबाई पोट धरून हसल्या.

"म्हणजे माझ्या आधी तू उष्टं केलंस होय गं? आणि इतकी वर्षं सगळ्यांचीच?"

"सगळ्यांची."

"धन्य आहे बाई. घे, काढ तो कागद. मला मेलीला ती परदेशी नावंच लक्षात राहत नाहीत."

ताई तिथेच सोफ्याच्या कडेला टेकून वाचायला लागल्या, सवयीने दोनच बोटं उघडून. कॅशियरबाई मटार सोलत समोर बसल्या. पानं संपली तरी ताई मान वर करेनात, तेव्हा त्यांनीच विचारलं.

"काय झालं? गेली का?"

"गेली. बोट सुटली. मावशीची खिडकी लहान लहान होत गेली."

"आणि मावशी? तिला संध्याकाळी जेवायला कोण वाढतं?"

ताईंनी पान उलटलं. पुढे प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी होती. "ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"माझ्या सासूबाई सात वर्षं अंथरुणावर होत्या." कॅशियरबाईंनी एक शेंग सोलून संपवली. "मी असते तर पहिलं तेच लिहिलं असतं."

ताईंनी घड्याळ पाहिलं. तासावर वीस मिनिटं झाली होती. जिना चढतानाच चमच्याचा आवाज आला. काकू दारात चपला घालून उभ्याच होत्या.

"आलीस?" वडील म्हणाले. "मला वाटलं, गेलीस."

सोमवारी त्यांनी फॉर्मवर 'नाही'पुढे खूण केली. कारणासाठी तीन ओळी सोडलेल्या होत्या. त्यांनी पहिल्या ओळीत 'वडील' एवढंच लिहिलं आणि बाकीच्या दोन ओळी कोऱ्याच ठेवल्या. साहेबांनी काही न विचारता सही केली. दुपारी तो कागद रेकॉर्डला लावण्यासाठी त्यांच्याच टेबलावर परत आला. ताईंनी त्याला दोन भोकं पाडली, स्वतःची फाईल खाली काढली, आणि कागद दोरीत ओवून गाठ मारली.