देखाव्याकडे पाठ

आमचे तात्या कुठल्याही प्रेक्षणीय स्थळी पोचले, की आधी त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. धबधबा असो, किल्ला असो. हात मागे बांधून समोरच्या माणसांचे चेहरे दोन मिनिटं न्याहाळायचे आणि मगच वळायचे. "जागा बघण्यासारखी आहे की नाही, हे बघणाऱ्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं," असं त्यांचं म्हणणं. तात्या म्हणजे माझे सासरे. विट्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले.

२०२०च्या मार्चमध्ये ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडला, कासलबार गावी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे दीड वर्ष राहिले. माझी बायको मेधा डॉक्टर, त्यामुळे सतत ड्यूटीवर. घरात उरलो आम्ही दोघं. लॅपटॉपपुढे मी, खिडकीपुढे तात्या. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, आणि त्या पाच किलोमीटरांत प्रेक्षणीय म्हणावं असं एक तळं. तात्या रोज तिथे जाऊन तळ्याकडे पाठ करून उभे राहायचे. शेवटी शेजारच्या नोराबाईंनी काळजीने मला विचारलं, "इज युअर मॅन ऑलराइट?" मी तोंड उघडायच्या आत तात्याच मागून म्हणाले, "ग्रँड!" 'मजेत' म्हणायचा हा इथला शब्द त्यांनी पहिल्याच आठवड्यात उचलला होता, आणि त्यावर त्यांचं दीड वर्ष निभावलं.

तात्यांना स्वतःला मात्र एकच जागा बघायची होती. ग्रीसचं सँटोरिनी बेट. तिथल्या पांढऱ्या घरांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "तो चुना आहे, जावईबापू. चुना आपल्याकडेही मारतात." त्यांना बघायचा होता ज्वालामुखी. डोंगर फुटला, मधला भाग खचला, तिथे समुद्र शिरला आणि कड्यांची कड तेवढी बेट म्हणून उरली, हे चित्र त्यांनी एकतीस वर्षं नववीच्या फळ्यावर रंगीत खडूंनी काढलं होतं. "खरं कसं दिसतं ते एकदा बघायला हवं हो. नाहीतर मी मुलांना शिकवलं काय?" हे ते हसत म्हणायचे, पण दर आठवड्याला म्हणायचे.

२०२१च्या जुलैत प्रवासावरची बंदी उठली. तात्यांचं परतीचं तिकीट ऑगस्टचं. मी छाती फुगवून जाहीर केलं, "तात्या, सँटोरिनी माझ्याकडे लागलं!" विमान, हॉटेल, ज्वालामुखीपर्यंत नेणारी बोट, सगळं मीच बुक केलं. मेधाने तीनदा विचारलं, "व्हिसाचं बघितलंस ना?" तिन्ही वेळा मी कानावरचा हेडफोन न काढता "हो" म्हणालो.

डब्लिनच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने व्हिसा मागितला. मी माझं आयर्लंडचं रहिवासी कार्ड अशा ऐटीत पुढे केलं, की तिने उठून सलाम ठोकावा. तिने ते उलटसुलट केलं आणि फार गोड आवाजात सांगितलं, की हे इथल्यापुरतं. ग्रीसला जायचं तर शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. तुमच्या दोघांचाही आणि या आजोबांचाही. आयर्लंडचं कार्ड मिळालं म्हणजे युरोपभर आपलंच राज्य, ही माझी चार वर्षांची समजूत त्या काउंटरवर निवर्तली.

"तू बघितलं म्हणालास!" मेधा म्हणाली.

"बघितलं ना," मी पुटपुटलो. "बेटाचे फोटो बघितले."

तात्या शांतपणे काउंटरकडे पाठ करून उभे राहिले. हात मागे. माझा चेहरा नीट न्याहाळला. "जावईबापू," ते म्हणाले, "ही जागा काही बघण्यासारखी दिसत नाही. चला घरी."

व्हिसाला लागणार कित्येक आठवडे, आणि तात्यांच्या हातात उरले होते तीन. परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. "इथे जवळपास एखादं बेट आहे का हो?"

दुसऱ्या दिवशी त्यांना अचिलला नेलं. पुलावरून गाडीने जाता येतं असं बेट. रिपरिप पाऊस, धुक्यात अर्धे बुडालेले कडे. तात्या समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. समोर मी आणि सात-आठ मेंढ्या.

"मेंढ्यांना आवडलेली दिसतेय जागा," तात्या म्हणाले. "तुमचं काही कळत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ते त्यांना कळलं असणार, कारण नंतर त्यांनी थर्मासमधला पहिला चहा मला दिला.

ऑगस्टमध्ये निघताना ते म्हणाले, "तुम्ही दोघं जाऊन या. कुणीतरी बघायला हवं. व्हिसा काढून." शेवटचे दोन शब्द शुद्धलेखन घातल्यासारखे सावकाश.

ऑक्टोबरात आम्ही गेलो. व्हिसा काढून. कड्याच्या टोकावर उभं राहून मी तात्यांना व्हिडिओ कॉल लावला.

"आधी माणसं दाखवा," विट्याहून हुकूम आला.

मी समुद्राकडे पाठ केली आणि फोन पुढे धरला. एका म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली होती. एका मुलीच्या हातातलं आईस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलं होतं, तिला पत्ता नव्हता.

"हं," तात्या म्हणाले. "वळा आता."

मी वळलो. फोन उंच धरला. पडद्यावर तात्यांचं बोट हवेत काहीतरी गिरवत होतं.

मग हळूच आवाज आला. "डावीकडचा कडा मी फारच बुटका काढायचो हो."

"चालायचंच, तात्या."

"छे, छे. एकतीस वर्षं बुटका काढला."

मेधाने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "तात्या, चष्मा का काढलात? बरे आहात ना?"

"ग्रँड," तात्या म्हणाले.