मानेतले चार स्क्रू

खिडकीच्या उजेडात एक्स-रे धरला. स्कूटरवरून पडलेल्या नातीच्या मानेत पट्टी आणि चार स्क्रू दिसले, माझ्या कुड्यांच्या फिरकीएवढेच. एवढ्याशावर आता तिचं डोकं तोललेलं आहे. नवी नवरी असताना अशी एक फिरकी हरवली, तर मी बया दोन दिवस जेवले नव्हते. काय तो शोक! नातीला तो किस्सा पाठ आहे.

"मणके घट्ट बसलेत," डॉक्टर म्हणाले, "बोटांचं मात्र सांगता येत नाही."

मी कानातली कुडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. "धर गं, चोरटे."

बोटं मिटली नाहीत. कुडी घरंगळून पलंगाखाली गेली.

"आजी, शोध लवकर. नाहीतर परत उपाशी बसशील."

मी वाकले नाही. तिच्या बोटांकडेच बघत राहिले.