बनियनवरचं जेवण

मृत्यू माणसाला सगळ्या उपाधींमधून मोकळं करतो, असं प्रत्येक शोकसभेत कुणीतरी म्हणतंच. माझ्या नवऱ्याच्या, देविदासांच्या शोकसभेतही म्हटलं गेलं. वकिलांच्या बार रूममध्ये, करकरणाऱ्या पंख्याखाली, बराच वेळ… आणि मी पहिल्या रांगेत बसून विचार करत होते, की आमच्या घरी हे काम रोज संध्याकाळी दाराआडच्या खुंटीवर व्हायचं आणि त्यासाठी कुणाला मरावं लागत नसे.

देविदास गेले त्याला आता दीडेक महिना होत आला. सकाळचा चहा झाला होता, पेपर वाचून झाला होता. मी भाजी घेऊन परत आले तेव्हा ते खुर्चीतच होते, पण नव्हते. ही बातमी मला कुणी दिली नाही. मीच दिवसभर सगळ्यांना देत बसले. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक वकील फोनवर रडत म्हणाला, "मॅडम, काळ्या कोटाची शान गेली." मी हो म्हटलं. कोट समोरच लटकत होता.

कोटाशी त्यांचं भांडण नव्हतं, हे आधी सांगायला हवं. चाळीसएक वर्षं कामगारांचे खटले चालवले, आणि नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा कोट, गळ्याचा पांढरा बँड, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट यांत कधी कसूर केली नाही. भांडण होतं ते फक्त ताटापुरतं. अंगात बाहेरचे कपडे असताना त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यांचे वडील गिरणीत होते. सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरी ते परतायचे तेव्हा केसांत, भुवयांवर, शर्टाच्या शिवणीशिवणीत कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. सासूबाई दारातच उभ्या राहायच्या. शर्ट बाहेरच्या खिळ्याला, हातपाय धुवायचे, मग बनियनवर ताटाशी. मुलं शाळेतून आली तरी तोच नियम. त्यांच्या शर्टावर कापूस नव्हता, पण सासूबाई कायद्यापुढे सगळ्यांना समान मानत. लग्न होऊन आल्यावर मी एकदा त्यांना कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "गिरणी पोटात नाही गेली पाहिजे वं बाई. बाहेरचं बाहेर ठेवावं अन् मंग जेवावं." गिरणी पुढे बंद पडली. नियम चालू राहिला.

आणि माझं माहेर म्हणजे नागपुरातल्याच महाल भागातलं टेलरिंगचं दुकान. पाटीवर ठळक अक्षरांत 'सूट स्पेशालिस्ट' लिहिलेलं. माणूस दुकानात शिरला की वडील आधी त्याचे खांदे बघत, मग चेहरा. चांगला कपडा अंगावर असला की माणसाकडे कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही, यावर त्यांचा विश्वास होता. मी पुढे कॉलेजात इतिहास शिकवला आणि दरबारी पोशाखांच्या आत काय काय दडलेलं असतं ते वाचून हा विश्वास बराचसा घालवला, तरी पैठणी नेसून चारचौघांत, चांगल्या कपड्यातल्या नवऱ्याशेजारी बसून एकदा निवांत जेवावं, ही इच्छा काही गेली नाही. इतिहासाचा अभ्यास सगळ्यावर चालत नाही.

ते जमलं मात्र कधीच नाही. लग्नाच्या रिसेप्शनला देविदास कोट घालून येत, वधूवरांना भेटत, फोटोला उभे राहत, आणि बुफेतली काकडीची चकती हातात धरून सगळ्यांशी बोलत फिरत. मग प्रताप नगरला घरी येऊन, बनियनवर बसून वरण-भात आणि वांग्याची भाजी. "एवढं पनीर-बिनीर होतं तिथं," मी म्हणायची. "पनीर होतं ना," ते म्हणायचे, "पण मी कुठं होतो वं? तिथं तं वकीलसाहेब आले होते."

गेल्या वर्षी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि भूकच गेली. बनियनवर बसूनसुद्धा ताट अर्ध्यावर सुटायला लागलं. वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, आता फक्त यांनी जेवलं पाहिजे. ते 'फक्त' मी घरी घेऊन आले आणि त्याच्यामागे लागले. भाकरी झाली, खीर झाली, शेजारणीकडून आलेले लाडू झाले. पोरकट वाटावं असं आमचं घर झालं होतं. मी घास मोजत असे आणि ते माझी नजर चुकवून ताट सरकवत असत. बंगळुरूची आमची मुलगी रश्मी हे फोनवर ऐकत होती. तिनं परस्पर सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. "बोटीवर दिवसभर जेवणच असतं आई," ती म्हणाली. "हवा बदलेल, बाबा जेवतील." जेवतील, एवढा एकच शब्द मी ऐकला आणि बॅगा काढल्या.

मग तिनं बोटीची नियमावली पाठवली. रात्रीच्या जेवणाला 'स्मार्ट कॅज्युअल', आणि एका रात्री 'फॉर्मल'. देविदासांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "स्मार्ट कॅज्युअल म्हणजे काय? व्याख्या कुठं देली आहे?"

"नीटनेटके कपडे, एवढंच."

"व्याख्या नाही तं नियम लागू नाही." मग फॉर्मल रात्रीपाशी ते थांबले. "अन् हे काय? कोट घालून जेवायचं? काळा कोट घालून ताटावर बसलो तं मले वाटन, आता तारीख पडते अन् भाजी पुढच्या महिन्यात येते."

"एकच रात्र आहे."

"अन् मी कोणाच्या बाजूनं जेवणार आहे, ते तं सांग."

मी कोट बॅगेत घातला. पैठणी त्याच्याखाली घातली, म्हणजे बोलणं वाढू नये.

पहिल्या संध्याकाळी आम्ही भोजनगृहात गेलो. भोजनगृह म्हणजे काय, तीन मजली दिवाणखाना. मधोमध झुंबर, जिन्याला पितळी कठडे, आणि लोक अशा चालीनं येत होते जणू आतमध्ये कुणाचा तरी राज्याभिषेक आहे. दाराशीच हात धुवायला बेसिनची रांग होती आणि एक हसतमुख तरुणी प्रत्येकाला हात धुवायला सांगत होती. देविदास खूश झाले. "हे बराबर आहे," म्हणाले. "घरच्यासारखं." मी वर झुंबराकडे बघत होते. खाली बघितलं तेव्हा त्यांनी हात धुतले होते, रुमालाला पुसले होते, आणि शर्टाची तीन बटणं सोडून ते दरवाज्यामागे काहीतरी शोधत होते. पन्नास-साठ वर्षांची सवय. हात धुतले की बोटं आपोआप बटणांकडे जात. त्या तरुणीनं अतिशय नम्रपणे विचारलं, "सर, एव्हरीथिंग ऑलराइट?" मी बटणं लावत म्हटलं, त्यांना जरा गरम होतंय. बाहेर समुद्र होता आणि आत एसीनं माझे दात वाजत होते.

त्या रात्री ते सूप प्यायले. दुसऱ्या दिवशी थोडा ब्रेड खाल्ला. एवढं अन्न एका जागी मी आयुष्यात बघितलं नव्हतं. कलिंगडाचे हंस होते, बर्फात ठेवलेले मासे होते, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हा माणूस कॉलरशी बोट फिरवत माझ्याकडे बघून हसत होता. रश्मी रोज विचारायची, "बाबा जेवले का?" मी सांगायची, समुद्र फार सुंदर आहे.

फॉर्मल रात्री मी काही म्हणायच्या आत त्यांनीच बॅगेतून कोट काढून अंगात घातला. "चाल वं कुंदा," म्हणाले. "पैठणी आणली ना तू? मले दिसली होती. आज तुझ्यावतीनं उभा राहतो." आम्ही गेलो. जिन्यापाशी एका परदेशी बाईनं पैठणीचा पदर हातात घेऊन बघितला, दोघांनी फोटो काढू का म्हणून विचारलं. खुर्ची मागे ओढायला माणूस, मांडीवर नॅपकीन टाकायला माणूस. मला हवं होतं ते सगळं अगदी जसंच्या तसं टेबलावर मांडलेलं होतं. मी खुशीत त्यांच्याकडे बघितलं… आणि माझी नजर त्यांच्या कॉलरवर गेली.

वडील सांगत, बटण लावल्यावर कॉलरमध्ये एक बोट जावं. दोन गेली तर माप चुकलं. देविदासांच्या कॉलरमध्ये माझी मूठ गेली असती. टाय घट्ट आवळला होता म्हणून कापड मानेभोवती चुण्या पडून गोळा झालं होतं, आणि त्या चुण्यांतून त्यांची मान वर आली होती, एखाद्या म्हाताऱ्या पक्ष्याची असावी तशी. घरी बनियनमध्ये मी त्यांना रोज बघत होते; बारीक झालेत एवढंच दिसायचं. किती गेले आहेत ते मला त्या शर्टानं सांगितलं. ते काट्यानं एक वाटाणा ताटभर फिरवत होते, मी बघतेय का ते बघत.

मी उठले. "चला."

"काहून उठली वं? जेवण व्हायचं आहे ना तुझं."

"खोलीत जेवू."

"अन् पैठणी?"

"ती पण येते."

खोलीत येताच त्यांनी कोट काढला, टाय काढला, शर्ट काढला, हात धुतले. मी फोन करून साधं वरण आणि भात मागवला. फोनवरच्या मुलाला वाटलं कुणी आजारी आहे. डॉक्टर पाठवू का म्हणाला. ते पलंगावर मांडी घालून बसले, पुढ्यात टॉवेल अंथरला. मी समोरच्या खुर्चीत, पैठणीत. वरणात फोडणी नव्हती, ते जाणवत होतं. मी घरून आणलेल्या लोणच्याची बाटली उघडली. ते हळूहळू कालवत राहिले, जेवत राहिले. मी खिडकीबाहेर बघायचं ठरवलं होतं, कारण नजर पडली की ते थांबत. बराच वेळ फक्त चमच्याचा आवाज… मग म्हणाले, "भात आहे काय अजून?"

या माणसानं मला पत्रं लिहिली होती, एकदा कविताही केली होती. पण इतकं सुंदर वाक्य त्यांच्या तोंडून मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

भात संपल्यावर ते माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "तुले तिथं खाली झुंबराजवळ बसायचं होतं ना. लोकाईनं पाहिलं असतं."

"तुम्ही बघताय ना."

"मी तं पाहून राहिलो. पण मी बनियनवर आहो. माह्या साक्षीले काय वजन?"

उरलेल्या सगळ्या रात्री आम्ही खोलीतच जेवलो. मी रोज चांगली साडी नेसले. बोटीवरच्या त्या तीन मजली वैभवाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

त्यानंतर घरीही ते जेवत राहिले. खूप नाही, पण मागून घेत. हृदयाला ते पुरलं नाही, हा भाग वेगळा.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी रश्मीनं हॉल बघून ठेवला होता. खुर्च्यांना सॅटिनचे झगे, पाठीमागे बो, वाढायला हातमोजे घातलेली माणसं. तिचं चुकत नव्हतं. बाबांना मान मिळावा असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, "त्यांच्या नावाचं जेवण आहे ना? मग त्यांना जेवता येईल असं असू दे." मग तिनं हॉल रद्द केला आणि बाहेरच्या खोलीत सतरंज्या घातल्या.

वंदना झाली. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. ताटं मांडली तसे माझे धाकटे दीर वामन उठले, हात धुऊन आले, शर्ट काढून दिवाणावर टाकला आणि बनियनवर जाऊन बसले. त्यांच्यामागून पुतणे. मग मावसभाऊ. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. दिवाणावर पांढऱ्या शर्टांचा ढीग झाला आणि भिंतीलगत बनियनांची रांग. रश्मी माझ्याकडे बघायला लागली, कारण त्याच वेळी दारात एक निवृत्त न्यायाधीश उभे होते. त्यांचं नाव लिहीत नाही. ते रविवारच्या पुरवण्या वाचतात. गळ्यापर्यंत बटणं लावलेला सफारी. याच साहेबांनी एकदा ऐन मे महिन्यात, बँड जरा सैल केला म्हणून देविदासांना भर कोर्टात सुनावलं होतं.

"साहेब," वामन बसल्या जागेवरून म्हणाले, "आमच्या घरी असंच जेवते. भाऊ असाच जेवे. तुम्ही तसेच बसा, तुम्हाले माफ आहे."

साहेबांनी ती रांग बघितली. मग मला विचारलं, "देविदास रोज असेच जेवायचे?"

"रोज."

त्यांनी चपला काढल्या, बेसिनवर जाऊन सावकाश हात धुतले. मग वरचं बटण सोडलं. सफारीचा शर्ट घडी घालून दिवाणावर ठेवला आणि वामन भाऊजींच्या शेजारी मांडी घालून बसले. मी सगळ्यांना वाढलं. वरण, भात, वांग्याची भाजी. कुणी भाषण केलं नाही. रांगेच्या टोकाला एका पुतण्याला रडू फुटलं आणि दुसऱ्यानं त्याच्या पानात भात वाढला. मग रश्मीनं मला खाली बसवलं, माझं ताट वाढलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी पूर्ण जेवले.

न्यायाधीशसाहेबांच्या बनियनला डाव्या खांद्याखाली मोठं भोक होतं.