यूपीएसला जोडलेला यूपीएस

"मॅडम, लाईट आली आन् सर्व्हर गेला!"

विंचूरजवळच्या कोल्ड स्टोरेजचे मालक भाऊसाहेब फोनवर ओरडत होते. आत शेतकऱ्यांची निर्यातीची द्राक्षं, आणि तिथलं कूलिंग सर्व्हरवरून चालतं. त्यांच्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे, म्हणून मी नाशिकहून तशीच निघाले. पोहोचेपर्यंत ऑपरेटरने कूलिंग हाताने चालवून माल सांभाळला होता.

टेबलाखाली वाकून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. भिंतीच्या सॉकेटला एक यूपीएस, त्याच्या पाठीला दुसरा यूपीएस, आणि त्या दुसऱ्याला सर्व्हर. यूपीएस म्हणजे लाईट गेली की बॅटरीवर काम चालू ठेवणारा डबा.

"हे कोणी जोडलं?"

"मीच. देवळ्याला आमच्या मळ्यात एका मोटारीनं पाणी चढत नव्हतं. मधी दुसरी टाकली, चढलं. इथंबी तसंच. बॅकअप डबल!"

"ही पाइपलाइन नाही, भाऊसाहेब. ही जोडणी आजच तोडणार."

"नाय मॅडम. माल लोकांचा हे. खराब झाला तर काय तोंड दाखवू?"

माणूस मनाचा खरा, पण हट्टी. हट्टी मीही आहे. कूलिंग ऑपरेटरच्या हातीच ठेवलं, सर्व्हर सुरू केला आणि त्या खोलीचा मेन स्विच पाडला.

दोन्ही डबे एकदम ओरडायला लागले. पहिला बॅटरीवर गेला की त्याची वीज जरा ओबडधोबड येते. दुसऱ्याला वाटतं, लाईटच गेली. मग तोही आपली बॅटरी खर्च करतो. डबल कसलं, दोघं एकदमच रिकामे होतात.

थोड्या वेळाने मेन चालू केला. आता पहिल्यावर सर्व्हरचा भार, शिवाय दोन बॅटऱ्या चार्ज करायच्या. ओव्हरलोड होऊन तो बंद पडला. वर ट्यूबलाईट लख्ख, खाली दुसरा डबा अजून ओरडतोय.

"लाईट आली ना? मग हा काऊन ओरडतो?"

"कारण त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. तुम्ही वाटेत पहिला बसवलाय. ह्याची बॅटरी संपली की सर्व्हर गेला."

मी सर्व्हरची पाठ दाखवली. तिथे दोन वायरींची सोय होती, एक जागा मोकळीच.

"बैल एकामागे एक जुंपता का?"

"नाय. शेजारी शेजारी."

"मग?"

दोन्ही यूपीएस वेगवेगळ्या सॉकेटवर लावले, दोन्हींतून सर्व्हरला स्वतंत्र वायर दिली. डबा एकही काढला नाही. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला बॅकअप किती आहेत ते विचारत नाही. एक बंद पडला तर काय थांबेल, तेवढंच विचारते.

पुढच्या हंगामात पुन्हा भाऊसाहेबांचा फोन.

"मॅडम, एक बैल बसला."

"आणि सर्व्हर?"

"गाडी चालू हे. तुम्ही जेवण करून या."