काउंटरसमोर घातलेलं गाऱ्हाणं

माझे यजमान करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले आणि त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलं. दिवा लावत होते, फुलं वाहत होते, सणावाराला नैवेद्यही दाखवत होते, कारण घरात देव आहेत म्हटल्यावर ते करावंच लागतं. पण बोलत नव्हते. एखाद्या घरात सासू-सुनेचं बिनसलं की ताट वेळेवर वाढलं जातं आणि तोंडातून शब्द मात्र निघत नाही, तसं आमचं चाललं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कुणी मोठी भक्त आहे असा गैरसमज नको. तीस वर्षं मी सरकारी कचेरीत दाखल्यांच्या खिडकीमागे बसले. कागद बरोबर असेल तर काम होतं, नसेल तर होत नाही, एवढीच माझी श्रद्धा.

देवाशी बोलण्याचं खातं आमच्या घरात यजमानांकडे होतं. मुंबईत काळाचौकीच्या आमच्या खोलीत, सणाला किंवा कुणी परगावी निघालं की, हे देवापुढे नारळ ठेवून गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचे. कोकणातल्या घरांत ही पद्धत आहे. घरातल्या कर्त्याने हात जोडून मोठ्याने आपलं म्हणणं देवाला सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ह्यांचं गाऱ्हाणं लांबलचक असे. घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचे, मग चुलत, मावस, शेजारी, आजारी असलेला कामावरचा सोबती. मी चिडवायची, "रेशनकार्ड वाचताय का?" त्यावर हे हसून म्हणायचे, "बाये, ह्यो अर्ज न्हय. आपला वझा त्येच्या पायाकडे ठेवचा, बस." मला ते कधी पटलं नाही. मागणी स्पष्ट नसेल तर तो अर्ज कसला?

हे इस्पितळात होते तेव्हा मात्र मी स्वतः देवापुढे बसले होते. आमची एकुलती एक लेक विभा अमेरिकेत. तिला येता आलं नाही. खोलीत मी एकटी गाऱ्हाणं घालायला लागले आणि पहिल्याच वाक्यानंतर लक्षात आलं की मागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कुणीच नाही. मी गप्प झाले. दोन दिवसांनी हे गेले. विभाने वडिलांचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं, तेही प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. तिथून माझा अबोला सुरू झाला.

त्याच वर्षी, लग्नानंतर नऊ वर्षांनी, विभाला दिवस गेले. बाळंतपणाला मी जायचं ठरलं, तिकीट काढलं, डिंकाच्या लाडवांचं सामानही आणलं. आणि तिसऱ्या लाटेत मलाच करोना झाला. दोन डोस झाले होते, त्यामुळे चार दिवसांचा ताप आणि खोकला यावर निभावलं. मी उठून कामाला लागले आणि त्याच आठवड्यात विभाचा फोन आला. सहावा महिना संपत आला होता, त्यातच ती बाळंत झाली होती. मुलगा होता. तळहातात मावेल एवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि डॉक्टर काहीच सांगत नव्हते. विभा लहानपणापासून हट्टी नाही, काही मागणारी नाही. तिने एवढंच म्हटलं, "आई, तू ये ना."

विमानात बसायला निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी टेस्ट केली. पॉझिटिव्ह. पाच दिवसांनी पुन्हा केली, तरीही पॉझिटिव्ह. बरं झालेल्या माणसाच्या टेस्टमध्ये जुन्या आजाराचे अवशेष कितीतरी दिवस सापडतात म्हणे. मला धड वास येत होता, चव येत होती, चाळीचे तीन मजले मी चढत होते, आणि कागद म्हणत होता की मी आजारी आहे. शेवटी तिकिटाच्या एजंटने दुसरी वाट सांगितली. करोना होऊन बरं झालेल्यांनी आपला नव्वद दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवायचा आणि सोबत प्रवासाला योग्य असल्याचं डॉक्टरांचं पत्र. आयुष्यात पहिल्यांदाच मी आजारी पडल्याचा पुरावा जपून फाइलमध्ये लावला. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून पत्र दिलं. मी नाव तपासलं, सही तपासली, शिक्का तपासला. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या. धाकट्या दिरांनी सकाळी विमानतळावर सोडलं आणि आत प्रवाशांशिवाय कुणाला जाऊ देत नव्हते म्हणून ते बाहेरूनच परत गेले.

काउंटरवरच्या मुलीने फाइल उघडली. पासपोर्ट पाहिला, रिपोर्ट पाहिला, पुन्हा पासपोर्ट पाहिला. ते पाहणं मी ओळखलं. खिडकीमागे बसून मी स्वतः हजारो वेळा तसं पाहिलं आहे. ती म्हणाली, "आंटी, डेट ऑफ बर्थ मॅच होत नाहीये."

पासपोर्टवर माझा जन्म एक जूनचा आहे. माझ्या वयाच्या निम्म्या कोकणाचा जन्म एक जूनचा आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकत. खरी तारीख आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हती. आई फक्त म्हणायची की दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी झालीस. लग्नानंतर ह्यांनी कुठूनसं जुनं पंचांग मिळवून ती डिसेंबरातली तारीख शोधून काढली, आणि मग दरवर्षी त्या दिवशी शिरा करायला लावायचे, म्हणजे माझ्याच वाढदिवसाचा शिरा मीच करायचा. ती तारीख कुठल्याही कागदावर नव्हती. तापात पडले असताना लॅबचा माणूस घरी आला, त्याने मास्कआडून विचारलं, जन्मतारीख काय? आणि माझ्या तोंडून ती निघाली. माझा जन्म कधीचा हे विचारणारं माणूस घरात एकच होतं. रिपोर्टवर तीच आली, डॉक्टरांच्या पत्रातही तीच उतरली. आणि दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढण्यात जिचा जन्म गेला, तिने ती पाहिली नाही.

मी लॅबला फोन लावला. दुरुस्तीला ओळखपत्र घेऊन या, उद्या मिळेल, असं उत्तर आलं. मुलीला पुन्हा विनवलं. ती वाईट नव्हती. म्हणाली, "सॉरी आंटी, रूल आमचा नाहीये. काउंटर एका तासात क्लोज होईल." रूल आमचा नाही. हे वाक्य मीही किती जणांना ऐकवलं असेल. एक बाई आईच्या मृत्यूच्या दाखल्यातलं एक अक्षर दुरुस्त करून घ्यायला चार खेपा घालून गेली होती. चौथ्या खेपेला ती रडली तेव्हा मी मान खाली घालून रजिस्टर चाळत बसले होते. तिचा चेहरा मला त्या काउंटरसमोर स्वच्छ आठवला.

जवळच्या बाकावर बसले. पुढच्या तिकिटाला किती दिवस लागतील हे माहीत होतं आणि काचेच्या पेटीतलं ते पोर तितके दिवस थांबणार नाही हेही आतून कळत होतं. ह्यांना शेवटचं पाहता आलं नाही, नातवालाही पाहता येणार नाही, आणि माझी लेक तिकडे दुसऱ्यांदा एकटी पडणार. इतकं रितं मला हे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. फाइल मांडीवरून खाली घसरली, ती मी उचललीही नाही. हात आपोआप जोडले गेले. कचेरीत तीस वर्षं शुद्ध बोलले, पण तोंडातून निघालं ते ह्यांच्या बोलीत. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, माका आता काय एक सुचणा नाय. माका माझ्या चेडवाकडे पोचव रे म्हाराजा."

आणि मागून, अगदी हळू आवाजात, कुणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा."

मी वळले. विमानतळावर म्हाताऱ्यांना चाकाच्या खुर्चीतून नेणारे मदतनीस असतात, त्यांतला एक होता. पन्नाशीचा, मास्क हनुवटीवर आलेला, पुढ्यात रिकामी खुर्ची. तो ओशाळल्यासारखा म्हणाला, "तोंडातसून गेला, वयनी. सवय आसा." मग खाली पडलेली फाइल उचलून देत त्याने काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्याने कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्या ऱ्हवांदे. अमेरिकेक अँटिजेन टेस्ट चलता. हयच काउंटर आसा, अर्ध्या तासात कागद देतत. निगेटिव्ह इलो तर ह्यातल्या खंयच्याच कागदाची गरज नाय."

"आणि पॉझिटिव्ह आला तर?"

"तर घराक जावचा. आता तरी खंय जातास?"

एजंटने हे सांगितलं नव्हतं. मी दोनदा केलेली टेस्ट मोठी, आरटी-पीसीआर होती. ही लहान टेस्ट फक्त ताजा आजार पकडते, हे मला नंतर कळलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, चालेल, पण लवकर करा. त्याने मला खुर्चीत बसवलं. मला चालता येतं म्हटलं तर म्हणाला, "बसा गपचूप. खुर्चीक रांग लागणा नाय." टेस्टच्या फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना मी दोनदा वाचला. एक जून लिहिलं. नाकात काडी घातली आणि आम्ही दोघं भिंतीशी थांबलो. मला आता आठवतं ते एवढंच, की त्याच्या उजव्या बुटाची शिवण उसवली होती आणि मी सारखी तिकडेच बघत होते.

कागद निगेटिव्ह आला. काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं होती. बोर्डिंग पास हातात पडल्यावर मी मागे पाहिलं तर तो दुसऱ्या एका आजोबांना खुर्चीत बसवत होता. लांबूनच त्याने हात वर केला. तो देव होता असं मी म्हणणार नाही. देवाच्या बुटाची शिवण कशाला उसवेल? पण इस्पितळातल्या त्या दिवसांत माझ्या गाऱ्हाण्यामागे जे दोन शब्द कुणी म्हटले नव्हते, ते त्याने म्हटले. त्याचं नाव मी विचारलं नाही, याची आजही चुटपुट लागते.

मधल्या विमानतळावर उतरून फोन चालू केला तेव्हा जावयांचा निरोप आलेला होता. बाळ गेलं होतं. मी विमानात होते तेव्हाच.

पुढचा सगळा प्रवास मी एकच वाक्य उगाळत होते. ‘माझ्या चेडवाकडे पोचव.’ लेकीकडे पोचव, मी फक्त एवढंच मागितलं होतं. बाळाचं नावही घेतलं नाही. ह्यांनी शेजाऱ्यांच्या आजारी सुनेलासुद्धा गाऱ्हाण्यातून कधी वगळलं नाही, आणि मी सख्ख्या नातवाला विसरले. देवाने अर्ज वाचला, जेवढं लिहिलं होतं तेवढं मंजूर केलं आणि फाइल बंद केली, असं मला वाटत राहिलं. माझ्याच कचेरीच्या पद्धतीने. शेजारच्या प्रवाशाने पाणी पुढे केलं, ते प्यायचं भानही मला नव्हतं.

विमानतळावरून जावई मला थेट इस्पितळात घेऊन गेले. एरवी तिथे बाहेरच्यांना सोडत नव्हते, त्या दिवशी सोडलं. आजी येणार म्हणून त्यांनी बाळाला थांबवून ठेवलं होतं. विभा खुर्चीत बसली होती आणि पांढऱ्या दुपट्यातलं ते पोर तिच्या मांडीवर होतं. कपाळ ह्यांच्यासारखं रुंद. मी त्याला घेतलं. मग मी विभाला सांगून टाकलं की गाऱ्हाण्यात मी याचं नाव घेतलं नाही, माझं चुकलं. तिने दुपट्याचं टोक सारखं केलं. म्हणाली, "आई, मीही तेच मागत होते. फक्त आई येऊ दे म्हणून." आणि मग म्हणाली, "बाबांसारखं गाऱ्हाणं घाल ना."

नारळ नव्हता, दिवा नव्हता. बाळ मांडीवर घेऊन मी म्हटलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू तुजा हुता, तुजाकडे इला. वाटेत त्येचो आजो भेटात, त्येका सांग, हात धरून घेवन जा. काय चुकला-माकला आसात, ता आमच्या पदरात घाल, त्येच्या न्हय रे म्हाराजा." विभा हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा." जावई नागपूरचे, त्यांना यातलं काही ठाऊक नाही, पण तिच्यामागून तेही म्हणाले. त्या गाऱ्हाण्यात मी काहीच मागितलं नव्हतं. ओझं खाली ठेवणं म्हणजे काय ते ह्यांनी जन्मभर सांगितलं, आणि मला ते तिथे कळलं.

दुःख कमी झालं नाही. ते होणारही नाही. पण मी पोचले, लेकीजवळ बसले, नातवाला दोन घटका मांडीवर घेतलं, आणि एवढ्यासाठी मी देवाची ऋणी आहे. चार महिन्यांनी परतले. आता खोलीत रोज संध्याकाळी दिवा लावते आणि गाऱ्हाणं घालते. सगळ्यांची नावं घेते, लांबलचक, रेशनकार्ड वाचल्यासारखी. त्या खुर्चीवाल्याचं नाव माहीत नाही, म्हणून ‘विमानतळावरचो भाव’ म्हणते. बाळाचं बारसं झालं नव्हतं, म्हणून ‘विभाचो झील’ म्हणते. मग थोडं थांबते, आणि ‘व्हय म्हाराजा’ही मीच म्हणते.