गार चिक्कीचे अपूर्णांक

आमच्या शाळेत एक सर होते. शिकवण्यापेक्षा शिकवताना दिसण्याची त्यांना भारी हौस. कान्ह्याजवळची आमची लहानशी शाळा, सहावीला सतरा पोरं. पण सरांचा वर्ग भरायचा तो मोबाईलसमोर. त्यांचे व्हिडिओ तालुकाभर फिरायचे आणि खाली अंगठ्यांची रांग लागायची. मला त्या अंगठ्यांची शिसारी आली होती. ज्यांनी ते दिले त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले असतील, यावर माझा काडीचाही विश्वास नाही.

त्या दिवशी अपूर्णांकांचा गुणाकार होता. सरांनी लोणावळ्यातल्या ओळखीच्या दुकानातून चिक्कीची न कापलेली अख्खी लादी आणली. मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाले, "मॅडम, फक्त हात हलू देऊ नका."

एक तृतीयांशाचा अर्धा करून दाखवायचा होता. सरांनी सुरी लावली, जोर दिला आणि लादीचा भुगा झाला. शेंगदाणे पहिल्या बाकापर्यंत उडाले. सरांचं तोंड पाहून मला इतका आनंद झाला, की हात हललाच.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "गुणलं तर वाढाया पायजे, हितं कमी कसं हुतंय?" असं रोज विचारत ती आठवडाभर अडून बसली होती, आणि त्यापायी सरांच्या लेखी मठ्ठ ठरली होती. तिची आई चिक्कीच्या कारखान्यात कामाला.

"सर, गार झाल्याव न्हाई कापत ती. गरम हाय तवरच रेघा मारून ठिवायच्या, मग रेघंवर मोडायची. आई तसंच करती."

तिने खडू घेतला, फळ्यावर लादी काढली. दोन उभ्या रेघा, तीन पट्ट्या. मग मधोमध एक आडवी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका पट्टीचा अर्धा भाग भरला, सगळे तुकडे मोजले आणि माझ्याकडे वळून ओरडली, "बाई, सहातला एक! पट्टीतलं अर्धंच तर घ्यायचं व्हतं, मग कमीच येनार की!"

इतकी वर्षं शिकवून मला ते इतकं स्वच्छ सांगता आलं नव्हतं.

सर म्हणाले, "हे कट करा, मॅडम. आणि तू बस गं खाली, तुला कुणी विचारलं?" त्यांनी फळा पुसला. "अंशाला अंशाने, छेदाला छेदाने गुणायचं. का आणि कसं विचारायचं नाही." तेवढा नियम तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. तिसऱ्यांदा हसत, कारण व्हिडिओतली मुलं आनंदी दिसावी लागतात.

मी बोलू शकले असते. नोकरीत मी त्यांच्याहून जुनी. पण कशाला उगाच वाईटपणा घ्या, म्हणून मी मुकाट्याने चित्रीकरण केलं. मनातल्या मनात त्या माणसाला नावं ठेवायची आणि त्याचाच मोबाईल धरून उभं राहायचं, ही माझी लायकी.

पुढच्या आठवड्यात अपूर्णांकांची चाचणी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. तिचं गणित अचूक होतं. तिला जवळ बोलावून म्हटलं, "ती लादी काढून दाखव बरं पुन्हा."

"कशाला, बाई?" ती म्हणाली. "उत्तर आलंय की. का ते इचारायचं नसतंय." रुसून नाही, मलाच समजावून सांगावं तसं म्हणाली.

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.